तीन थांबे

"परत लाव ना, काशी," नवशी म्हणाली.

काशीने ग्रामोफोनला चावी दिली. दिवाळीची सुट्टी होती. संस्थानच्या कचेरीत कारकून असलेल्या तिच्या वडिलांनी मुंबईहून नव्या बोलपटाची तबकडी आणली होती. तिच्यातल्या नाचाच्या चालीबद्दल संगीतकार भास्करराव गणपुले यांना स्वतंत्र संगीताचं पदक मिळालं होतं. उद्या जव्हारच्या शाळेत त्यांचा सत्कार होता.

नवशी बोटांवर फेऱ्या मोजत होती. चाल चौथ्या फेरीत क्षणभर थांबली, मग सहाव्या आणि अकराव्या फेरीत.

"ही माझ्या बाची चाल आहे."

तिचा बा, ढवळू, जामसरला तारपा, भोपळ्याचं फुंकवाद्य, वाजवायचा. तारप्याची फुंक तुटू द्यायची नाही, नाकाने श्वास घेत वाजवत राहायचं, अशी रीत. शेवटच्या दिवाळीत छातीच्या दुखण्याने त्याची फुंक याच तीन फेऱ्यांत तुटायची. नाचणाऱ्या बाया त्या तीन जागी पाय उचलून धरत, त्याला श्वास मिळेपर्यंत. त्याच दिवाळीत एक पाहुणा वही घेऊन बसला होता. होळीच्या आधी बा गेला.

"पेपरात तर छापलंय, थांबे ही गणपुल्यांची नवी कल्पना," काशी म्हणाली.

"आणि तुझं कोण ऐकणार?" नवशीचा भाऊ मंगळू म्हणाला. "पोरीने तबकडी पाठ केली म्हणतील."

नवशीने थोडा विचार केला. "मग जिने तबकडी ऐकलीच नाही, तिला नाचवू."

मंगळू तसाच जामसरला गेला. सकाळी तो बाच्या तारप्यावर नाचलेल्या रखमी, कोंडी आणि आणखी दोघींना घेऊन आला. जातोय कशाला, हे त्याने वाटभर सांगितलं नाही.

सत्कारात काशीने मुख्याध्यापकांकडून नाचाची परवानगी काढली. तिने तबकडी लावली, आणि बायांनी कमरेत हात गुंफून ग्रामोफोनभोवती फेर धरला. चौथ्या फेरीत चाल थांबायच्या आधीच चारही पाय वर उचलले गेले. सहाव्या फेरीत तेच झालं, आणि गणपुल्यांचं हसू मावळलं. अकराव्या फेरीत पाय उचलता उचलता रखमी सवयीने त्या पेटीला म्हणाली, "दम खा रे ढवळू, दम खा."



"ढवळू कोण?" मुख्याध्यापकांनी विचारलं. नवशीने उभं राहून सगळं सांगितलं.

गणपुले सावकाश उठले. "चाल उतरवून घेतली," ते म्हणाले, "नाव विचारायचं राहून गेलं. मला वाटलं, तो मुद्दाम थांबतो."

यापुढे तबकडीवर ढवळूचं नाव छापलं जाईल, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं आणि पदक नवशीच्या हातात ठेवलं. मुख्याध्यापकांनी तिघांची पाठ थोपटली. असा पुरावा मोठ्यांनाही सुचला नसता, म्हणाले.

माणसं पांगल्यावर नवशीने तबकडी पुन्हा लावायला सांगितली. पदक मुठीत धरून ती एकटीच फेर धरू लागली. चौथ्या फेरीत तिने पाय उचलला.

तबकडीतला थांबा बाच्या थांब्यापेक्षा आखूड होता. सूर परत सुरू झाला, तेव्हा तिचा पाय अजून वरच होता.