ए. एन. अदरचे सात गोल

वारिंगाच्या ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं वाचायचं एकच यंत्र धड चालतं, आणि दर मंगळवारी दुपारी ते माझं असतं. गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून त्या मंगळवारी पावसात भिजून, छत्री झटकत मी आत शिरले आणि माझ्या खुर्चीवर एक परका तरुण ऐसपैस बसलेला दिसला, तेव्हा माझा पाराच चढला.

"माफ करा, ही जागा माझी आहे."

"कुठे नाव लिहिलेलं दिसलं नाही," तो मान न वळवता म्हणाला. मग वळला… माझ्या नाकाच्या शेंड्यावर थांबलेला पावसाचा थेंब त्याने पाहिला, आणि ओठ दाबून हसला. "अठ्ठावन्न सालचा जुलै हवाय का तुम्हाला? मग पंचाईत आहे. मलाही तोच हवाय."

त्याचं नाव जोनस लिंडनर. साठ किलोमीटरवरच्या कुलेनचा, नोकरी गव्हाच्या कोठारावर. आणि फावल्या वेळात… तो कुलेन फुटबॉल क्लबच्या जुन्या खेळाडूंचे आकडे तपासायचा! मी ओल्या कोटासकट शेजारच्या स्टुलावर बसले. कारण मी, टेगन पॅस्को, दिवसभर औषधांच्या दुकानात गोळ्या मोजते आणि उरलेल्या वेळात वारिंगा क्लबसाठी नेमकं तेच करते. क्लबला सव्वाशे वर्षं होणार होती. पहिल्या सामन्यापासून प्रत्येक खेळाडू किती सामने खेळला, त्याने किती गोल केले, याचं पुस्तक छापायचं होतं, आणि जुन्या नोंदींत चुकांचा सुळसुळाट होता.

त्याने न विचारताच माझी यादी ओढली. बोट फिरवत फिरवत एका ओळीवर थांबला आणि खो खो हसत सुटला. ग्रंथपालबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"हे कोण? ॲलन अदर. तीन सामने, सात गोल?"

"चांगला खेळाडू असणार," मी ठसक्यात म्हटलं. "दुर्दैवाने पुढे काही कळत नाही त्यांचं. वारसांनी संपर्क साधावा म्हणून मी पेपरात जाहिरातसुद्धा दिलीय."

"जाहिरात…!" त्याने डोळे पुसले. "अहो, पेपरात काय छापलंय ते बघा. ए. एन. अदर. आता सलग वाचा."

मी वाचलं. ए-एन-अदर. अनदर. आणखी कोणीतरी. अमुकतमुक! खेळाडूचं नाव सांगायचं नसलं की क्लबवाले पेपराला हे नाव देत. माझ्याआधी नोंदी ठेवणाऱ्या ट्रेम्बाथ काकांनी 'ए'चा ॲलन केला, आणि जन्मालाच न आलेला एक माणूस पासष्ट वर्षं आमच्या क्लबात सुखाने नांदत होता. आणि मी त्याचे वारस शोधत होते. माझे कान तापले.

"रागावलात?"

"नाही," मी म्हटलं. "पण तो माणूस नसला तरी सात गोल तर झालेत ना? ते कुणीतरी केलेत. कोण ते शोधायला हवं."

त्याचं हसू विरलं. तो माझ्याकडे बघतच राहिला… जरा जास्तच वेळ.

त्यानंतर दर मंगळवारी तो यायचा. खुर्ची माझी, स्टूल त्याचं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते मात्र कुठल्याही वहीत नोंदलेलं नाही. मी त्याच्या यादीतून एकदा दोन जुळे भाऊ वेगळे काढून दिले, त्याने माझ्या यादीतल्या एका मेलेल्या माणसाचा सामना रद्द केला. इतर मुलींना फुलं मिळतात, मला चुका मिळत होत्या, आणि खोटं कशाला बोलू, मी मंगळवारची वाट बघायला लागले होते.

शनिवारी आम्ही मैदानावर जायचो. कुंपणाला नाक लावून गाडी उभी करायची, काचेवर पाऊस, हातात खिम्याची गरम पाई. आपल्या संघाने गोल केला की सगळ्या गाड्यांचे भोंगे वाजायचे. जोनस माझ्या कानावरची पेन्सिल काढून घ्यायचा आणि पाईच्या कागदी पिशवीवर गोल लिहायचा.

"स्वतःची पेन्सिल का आणत नाहीस?"

"मग ही कुठून काढू?" तो म्हणायचा. त्याचं गार बोट कानाला लागायचं आणि पुढचा गोल कुणी केला हे मला विचाराल तर सांगता येणार नाही.

ऑगस्टमध्ये क्लबच्या माळ्यावरच्या पेटीत मला बर्ट क्लेमोची वही सापडली. सामन्याआधी खेळाडूंना मालिश करून पट्ट्या बांधणारा हा माणूस मोठा टापटिपीचा. कुणाचा गुडघा, कुणाचा खांदा, सगळं तारखेनिशी. जुलै अठ्ठावन्न, तिन्ही शनिवार, त्याच शाईत: डब्ल्यू. लिंडनर, डावा घोटा.

मी ती ओळ चारदा वाचली. वॉल्टर लिंडनर म्हणजे जोनसचे आजोबा. पंच्याऐंशी वर्षांचे. कुलेनसाठी दोनशे चौदा सामने, आणि आयुष्यात दुसऱ्या कुठल्याही क्लबासाठी एकही नाही. आमच्याकडे एकाच क्लबाला आयुष्य वाहणाऱ्याला जो मान आहे तो आमदारालासुद्धा नाही. सप्टेंबरात कुलेनच्या सभागृहात अशा निष्ठावंतांच्या नावांची पाटी लागणार होती, आणि सर्वांत वरचं नाव वॉल्टर लिंडनर.

मंगळवारी मी वही त्याच्यासमोर ठेवली. त्याने वाचली, हळूच मिटली.

"एकच कागद आहे," तो म्हणाला.

"हो. दोन कागद जुळल्याशिवाय मी नाव छापत नाही, तुला माहितीय. आत्ता मी 'नाव अज्ञात' एवढंच लिहीन." मी घुटमळले. "पण विचारायला तर हवं… तुमच्या घरी काही आहे का? पत्र, फोटो, काहीही?"

"नाही."

इतक्या चटकन. आमच्या या उद्योगात चटकन 'नाही' कुणी म्हणत नाही. जोनस तर मुळीच नाही, त्याला चहात साखर हवी का विचारलं तरी 'बघावं लागेल' म्हणायचा. तो यंत्राच्या मुठीकडे बघत होता, माझ्याकडे नाही.

"जोनस, खरं सांग."

"कुणाचं काय बिघडतंय, टेगन? म्हातारा माणूस आहे. एक पाटी, एक नाव. तुझे ते तीन सामने कुणालाही नकोयत."

"मला हवेत."

"तुला फक्त आकडे दिसतात."

तो गेला. मला आकडे दिसत नव्हते, त्याचं ते 'नाही' दिसत होतं. आजोबांचं नाव छापलं न छापलं, माझं अडलं नसतं. पण ज्या माणसापुढे मी माझी प्रत्येक चूक बिनधास्त उघडी केली, तो माझ्याशी खोटं बोलला होता. घरी येऊन मी उशीत तोंड खुपसून रडले आणि दुसऱ्या दिवशी गोळ्या दोनदा चुकीच्या मोजल्या.

तीन मंगळवार गेले. स्टूल रिकामं. पुस्तक शुक्रवारी छापखान्यात जायचं होतं. बुधवारी दुपारी औषधांच्या दुकानाची घंटी वाजली, आणि दारात जोनस. दाढी वाढलेली. त्याच्या मागे काठी टेकत एक उंच म्हातारा, टोपीतून पाणी गळतंय.

जोनसने एक पिवळं पाकीट काउंटरवर ठेवलं. वारिंगा क्लबच्या तेव्हाच्या चिटणिसांचं पत्र, ऑगस्ट अठ्ठावन्न. तीन शनिवार आमच्याकडून खेळल्याबद्दल वॉल्टर लिंडनर यांचे आभार, आणि कृपया याची वाच्यता नसावी.

"बारा वर्षांचा होतो तेव्हापासून मला माहितीय," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तू विचारलंस तेव्हा हे माझ्या टेबलाच्या खणात होतं. मी खोटं बोललो. त्या रात्रीच आजोबांना सांगितलं की तुझ्याशी खोटं बोललो. ते दोन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत."

"अडीच," आजोबा म्हणाले. ते माझ्याकडे वळले. "पोरी, यादी करणारी तूच का?"

"हो, आजोबा."

"कुलेनवाल्यांनी मला न सांगता न सवरता दुय्यम संघात टाकलं. एकोणीस वर्षांचं डोकं, भडकलं. तुमचा चिटणीस म्हणाला, ये आमच्याकडे. क्लब बदलायला कुलेनचा परवाना नव्हता, म्हणून ते अमुकतमुक नाव. तिसऱ्या शनिवारी आईने ओळखलं, आणि गेलो मुकाट्याने परत. लाज वाटली, ती आजवर वाटते." त्यांनी काठी आपटली. "पण तू सात लिहिलेस म्हणे?"

"हो… पेपरात सात आहेत."

"आठ! शेवटच्या मॅचमध्ये तिसरा गोल माझा. पेपरातल्या त्या गाढवाने तो तुमच्या हेन्डीच्या नावावर लावला. पासष्ट वर्षं मी कुणाला सांगू शकलो नाही, सांगितलं असतं तर सगळंच बाहेर आलं असतं. आता आलंच आहे बाहेर, तर आठ लिही!"

मला हसू की रडू कळेना. "आजोबा, नुसत्या तुमच्या शब्दावर आठ नाही लिहिता येणार."

"ही अशीच आहे," जोनस म्हणाला.

"तू गप्प बस." म्हातारा माझ्याकडे रोखून पाहत राहिला, आणि हळूहळू त्याच्या मिश्या हलल्या. "अशीच हवी होती तेव्हा पेपरात कुणीतरी."

पुस्तकात वॉल्टर लिंडनर छापून आलं. तीन सामने, सात गोल. कुलेनला फोन त्यांनी स्वतःच केला. पाटीवरचं पितळी नाव काढलं गेलं, आणि तरीही पाटी लागली त्या रविवारी ते सभागृहात पहिल्या रांगेत बसले आणि बाकीच्या नावांसाठी टाळ्या वाजवत होते. सुरुवातीला कुणी त्यांच्याजवळ जाईना. मग त्यांनी कुणालातरी आठव्या गोलाची गोष्ट सांगायला घेतली, आणि खुर्च्या एकेक करून त्यांच्याकडे सरकल्या.

जोनस मला घेऊन बाहेर ओसरीत आला. मैदान ओलं, गोलचे चारही खांब धुक्यात अर्धे बुडालेले.

"अजून रागावलीयस?"

"हो."

"किती?"

"मोजलं नाही."

तो कठड्याला टेकला. "लहानपणापासून मी सगळ्यांना सांगत आलो… मी त्या वॉल्टर लिंडनरचा नातू. तेवढंच होतं माझ्याकडे सांगण्यासारखं. तेच जाईल म्हणून घाबरलो. आणि मग त्या तीन मंगळवारांत कळलं की खरं काय गेलं ते." तो माझ्याकडे वळला. "मला क्षमा कर, टेगन."

आयुष्यात पडताळा घेतल्याशिवाय मी एक अक्षर लिहिलेलं नाही.

"जोनस… माझं प्रेम आहे तुझ्यावर," मी म्हटलं. "तपासलेलं नाही. पुढे काय निघेल माहीत नाही. तरी सांगतेय."

त्याने माझा हात हातात घेतला. दोघांचेही हात गार होते, थोड्या वेळाने नव्हते. मग आम्ही आत गेलो. चहाच्या टेबलामागच्या जाड्या बाईंनी किटली खाली ठेवली आणि मला आपादमस्तक न्याहाळलं. आजूबाजूच्या कपबश्या थांबल्या.

"हीच का रे ती," त्यांनी मोठ्याने विचारलं, "जिच्यामुळे वॉल्टरचं नाव गेलं?"

"हीच ती," जोनस म्हणाला, आणि हात सोडला नाही.