जांभळीला टांगलेला कलश

ती मटणाची नळी ताटात आपटू नकोस रे सौरभ. खा पोटभर, पण तो टकटक आवाज नको. मला शिसारी येते. हसतोस काय? जुईली, बाळ, ती बाहेरची ट्यूब बंद कर, किडे यायला लागलेत. आता विचारलंच आहेस तर सांगतो. मात्र मधेच "काका, याच्यात लॉजिक काय" असं म्हणायचं नाही. तुमचं लॉजिक तिकडे हिंजवडीत ठेवायचं.

गोष्ट नथूची. पौडच्या स्टँडवर वडापची जीप लावायचा, तो. मी एसटीत कंडक्टर आणि तो आमची गिऱ्हाइकं पळवणारा, म्हणजे आमचं भांडण रोजचं. पण माणूस सरळ. त्यानं हे मला भर दुपारी सांगितलं, आणि नथू दारू पीत नाही.

दोन हजार चार साल, भाऊबिजेची रात्र. नथूला काम एवढंच होतं, पुणे स्टेशनवरून विकीला घ्यायचं आणि मुळशीला चांगुणाबाईच्या दारात सोडायचं. विकीकडे तांब्याचा कलश असणार होता, आणि कलशात चांगुणाबाईच्या भावाच्या अस्थी.

भाऊ म्हणजे गेणबा. आई लवकर गेली, मग या थोरल्या बहिणीनंच त्याला वाढवला. दुधाचे रतीब घालून पुण्याला शिकायला ठेवला. पोरगा लष्करात ऑफिसर झाला! सेकंड लेफ्टनंट. दोन्ही खांद्यांवर एकेक पितळी तारा. तसा फोटो आहे तिच्या घरात. बासष्ट साली चीनच्या लढाईत वर बर्फात गेला, तो गेलाच. तार आली. प्रेत नाही, जागा नाही, काही नाही. गावातल्या बायका म्हणायच्या, "चांगुणे, दिवस घाल आता त्याचे." ती म्हणायची, "आदी बघू तर द्या मला. हाडं का हुईनात." आणि दर भाऊबिजेला अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळायची. भाऊ जवळ नसला की बाई दुसरं काय करणार?

पुण्याच्या मेधाताई म्हणून एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी हे मनावर घेतलं. लष्कराच्या कचेऱ्यांमध्ये खेटे घातले, पलटणीतले म्हातारे जवान शोधून काढले. त्यातला एक सापडला, त्यानं गेणबाला स्वतःच्या हातानं पुरलं होतं. लढाईत जाळायला लाकूड कुठून आणणार? अरुणाचलात एका खिंडीखाली, वर दगड रचून. तिथल्या छावणीनं कळवलं, दगड अजून आहेत, घरचं माणूस पाठवा.

घरचं माणूस कोण? चांगुणाबाईला अंगणाबाहेर पाऊल टाकवत नव्हतं. मेधाताईंचं नुकतंच हृदयाचं ऑपरेशन झालेलं. तेव्हा हा विकी पुढे झाला. पौडचा प्लॉटचा एजंट. गळ्यात साखळी, डोळ्यावर रात्रीसुद्धा गॉगल. ग्रामपंचायतीला उभं राहायचं होतं ना! "मावशी, मी आणतो सायबाला. गावाची शान हाय ती." गावानं वर्गणी काढून त्याला गाडीत बसवला. बाईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. असल्या तोंडावरून!

तर नथू स्टेशनवर गेला. विकी आला. कलश नवाकोरा, बुडाला भांड्याच्या दुकानाचं लेबल तसंच. नथूनं चप्पल काढली, कलशाला हात जोडले. विकीनं तो मागच्या सीटवर फेकला.

"फेकतूस काय रं?" नथू ओरडला.

"रिकामा हाय." विकी हसला. "अरुणाचलला कोन तडफडनार? म्हाबळेश्वरला हुतो. लई थंडी हाय तितं बी."

नथूला वाटलं, चेष्टा करतोय. चेष्टा नव्हती. इथं आपल्या कासार आंबोलीच्या फाट्यावर तेव्हा एक ढाबा होता, तिथं विकीनं जीप थांबवायला लावली. मटण मागवलं. नथूनं नुसता चहा घेतला. आणि मग... शी! सांगायलासुद्धा नको वाटतं. विकीनं नळी उचलली, तोंडाला लावून सुर्रकन चोखली, आणि कलशात टाकली. मग दुसरी. मग चावून चावून पांढरं केलेलं खांद्याचं हाड. वरून ढाब्याच्या भट्टीतली दोन मुठी राख घातली, तोंडाला लाल फडकं बांधलं, आणि त्याच फडक्याला बोटांचा रस्सा पुसला. निघताना कलश पुन्हा मागच्या सीटवर आडवा फेकला.

"आरं, कुनाच्या नावानं काय करतूस?" नथूनं चहाचा कप खाली आपटला. "ती म्हातारी ह्याला भाऊ म्हननार हाय!"

"हाडं ती हाडं. म्हातारी काय चाखून बघनार हाय का?" विकी ढेकर देऊन म्हणाला. "आन् तू तोंड उघाडलंस तर तुजी जीप स्टँडवर कशी लागती बघतो."

थू! माणसं कुठल्या थराला जातात बघा. नथू म्हणाला, एकनाथभाऊ, पौड येईपर्यंत मला तो रश्श्याचा वास येत होता. पौड सोडलं. आणि वास गेला. एकदम. खिडक्या बंद, विकी शेजारी घोरतोय, आणि जीपमध्ये वेगळाच वास. ओल्या लोकरीचा. भिजलेला स्वेटर बरेच दिवस पेटीत राहावा तसा. नथूनं आरशात बघितलं. मागच्या सीटवर कलश होता. आडवा फेकलेला... तो उभा होता.

खड्ड्यानं उभा राहिला असेल, असं म्हणून त्यानं गाडी दामटली.

मुळशीत पोचले तेव्हा नऊ वाजून गेले होते. बीजेची कोर केव्हाच मावळलेली, काळोख मिट्ट. चांगुणाबाई काठी टेकत अंगणापर्यंत आली होती. हातात ताट. निरांजन, सुपारी, अक्षता, करंजी. त्या वर्षी तिनं चंद्राला ओवाळलंच नव्हतं. भाऊ येणार होता ना!

अस्थी घरात नेत नाहीत, बाहेर झाडाला बांधतात, हे तुम्हाला ठाऊक नसेल. अंगणात जांभळीचं झाड होतं. विकीनं गंभीर तोंड करून कलश खालच्या फांदीला टांगला. डोळेसुद्धा पुसले नालायकानं.

शेजारची बाई म्हणाली, "चांगुणे, हाडांना कुनी ववाळतं का?"

"मी ववाळनार. इतकी वर्सं चंद्राला ववाळलं, आज ह्याला ववाळीन. गेणू, लई वाळलास रं..."

आणि ती ओवाळायला लागली. त्या मटणाच्या हाडांना! विकीच्या उष्ट्याला! नथूला ओरडून सांगायचं होतं. पण ती हसत होती हो. म्हातारी हसत होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"ववाळनी घाल की रं," ती कलशाला म्हणाली.

विकी पुढे झाला, खिशातून नोट काढली. "सायबाच्या वतीनं मी घालतो, मावशी."

"तू न्हाई. त्यो घालंल." तिनं ताट जांभळीच्या बुंध्याशी ठेवलं. "ऱ्हाऊ द्या हितंच. सकाळी नदीवर जाऊ."

ती आत गेली. विकी ओट्यावर पसरला. नथू जीपमध्ये आडवा झाला, पण झोप कसली येते? त्याला आता कुत्र्यांची धास्ती. मटणाचा वास. गावातली सगळी कुत्री कलशावर उड्या मारणार, आणि सकाळी तमाशा. कुत्री आली. पाच-सहा होती. जांभळीच्या जवळ मात्र एकही गेलं नाही. कुंपणाशी रांगेत बसली. भुंकणं नाही, गुरगुरणं नाही. नुसती झाडाखाली बघत.

झाडाखाली कुणी नव्हतं.

नथूचा डोळा लागला असावा. जाग आली ती आवाजानं.

कट्ट... कट्ट...

कुणीतरी हाड फोडत होतं. दातांनी.

कुत्रं असेल, असं त्याला वाटलं. त्यानं काच खाली केली. थंडी आत आली. आपल्याकडची नव्हे. नाकातलं पाणी गोठेल अशी. त्यानं बॅटरी लावली.

कुत्री कुंपणाशीच होती. रांगेत.

जांभळीखाली विकी बसला होता. उकिडवा. कलश मांडीत. आत हात घालत होता. हाड काढत होता. तोंडात घालत होता.

कट्ट...

"विकी..."

त्यानं मान वर केली. ओठ फाटलेले. हनुवटीवर रक्त, रक्तात राख. डोळ्यांतून घळाघळा पाणी. त्यानं मान हलवली. नको... नको... आणि हात पुन्हा कलशात गेला. स्वतःहून नाही. घालावा लागत होता.

एक दात पडला. त्यानं तोही गिळला.

नथूनं बॅटरी थोडी सरकवली. विकीच्या मागे...

पाय होते.

कॅनव्हासचे बूट. भिजलेले, अंगठ्याशी फाटलेले. वर पायाला पट्ट्या गुंडाळलेल्या. टाचा जुळवून उभे. भोवती जमीन पांढरी.

मुळशीत... पांढरी.

बॅटरी वर करायची हिंमत झाली नाही. नथू म्हणाला, भाऊ, मी वर बघितलं न्हाई. आईची आन. वर बघितलं न्हाई.

कट्ट...

मग... काही नाही.

सकाळी कोंबडं आरवल्यावर नथू खाली उतरला. विकी झाडाखाली वाकडातिकडा पडला होता, जिवंत. तोंड भोपळ्याएवढं सुजलेलं, बोलता येत नव्हतं. कलश रिकामा. आत राखेचा कणसुद्धा नाही, घासून ठेवल्यासारखा लखलखीत. चांगुणाबाई दारात आली, आणि नथूनं तिच्या पायावर लोटांगण घातलं. सगळं सांगितलं. ढाबा, नळ्या, राख, सगळं. "मावशी, तुजा भाऊ आलाच न्हाई. म्या बी गप बसलो. मला मार."

म्हातारीनं ऐकून घेतलं. विकीजवळ गेली. खाली वाकली. त्याच्या तोंडावर थुंकली. मग नथूकडे वळली.

"आला न्हाई म्हनतोस?" ती म्हणाली. "मंग हे कुनी घातलं?"

निरांजन विझलं होतं. अक्षता, सुपारी जागच्या जागी. करंजी मात्र अर्धी खाल्लेली, आणि तिच्याशेजारी ताटात एक तारा. पितळी, खांद्यावर लावायचा. नथूनं उचलायला बोट लावलं, तर बोटाची कातडी चिकटली. इतका गार.

मेधाताई पुढच्या महिन्यात आल्या. म्हणाल्या, मी स्वतः जाते, खऱ्या अस्थी आणते. चांगुणाबाई म्हणाली, "आता नगं, बाई. लांबनं चालत आल्ता. घरचं खाऊन गेलाय. आता झोपू द्या त्याला तितंच." त्यानंतर तिनं चंद्राला ओवाळलं नाही.

विकीचं म्हणशील, तर नवे दात बसवलेत आणि अजून प्लॉटच विकतोय. असल्यांना काही होत नाही. हा बंगलासुद्धा तुमच्या घरमालकाला त्यानंच मिळवून दिला... नाही नाही, घाबरू नकोस, जुईली. या जागेत काही नाही.

तारा मी स्वतः हातात घेतलाय. तिच्या फळीवर, फोटोखाली, त्याच ताटात असतो. म्हातारी रोज सकाळी ताट पुसते. यंदाच्या मे महिन्यात गेलो होतो मी, पत्रा तापून घरात बसवत नव्हतं. तिनं माझ्यासमोर ताट कोरडं केलं, तारा परत ठेवला. आमचा चहा होईपर्यंत ताऱ्याखाली पुन्हा पाणी साचलं होतं.

हात लावून बघितलं मी. बर्फाचं पाणी.

सौरभ, ती हाडं उचल आता. आणि लांब नेऊन पूर.