पळणीतली शिरगणती

ओंकार, तो मोबाईल आधी खाली ठेव बघू. मघापासून ऐकतोय मी तुमची कुजबुज. वहाळ ओलांडून गावात शिरायचं, रिकाम्या गावाचा व्हिडिओ काढायचा आणि तासाभरात परत यायचं. शिरा पडो तुमच्या तोंडार! गावपळण चालू असताना रात्रीचं वेशीच्या आत पाऊल टाकायचं नसतं, हे तुमच्या आज्याने सांगितलं नाही कधी? आणि हा कौस्तुभ बघा कसा हसतोय. हस मेल्या. गोव्यात नोकरी लागली म्हणजे शिंगं फुटली.

प्राजक्ता, तू बस गो इथे विस्तवाजवळ. तू घाटावरची, शाळेवर येऊन वर्ष झालं नाही, तुला मालवणी कळायची नाही म्हणून शुद्ध बोलतो. मध्येच घसरलो तर सांभाळून घे. ही गोष्ट खरं तर तुझ्याच कामाची. जनगणनेची घरयादी करायला तू माझ्याकडे आलीस तेव्हा विचारलंस, गणपतकाका, घरात माणसं किती? मी म्हटलं, एक. तू मोबाईलवर एक दाबलंस नि उठलीस. तेव्हाच सांगणार होतो. पण दिवसा तोंडातून निघेना.

मागची शिरगणती २०११ सालची. धुरी गुरुजी म्हणून होते, सर्वेश धुरी, दोडामार्गाकडचे. तुझ्याच शाळेवर. माझ्या पडवीतल्या खोलीत भाड्याने राहायचे, रात्री जेवायला आमच्याच पानावर. त्यांच्याकडे आमचा अर्धा गाव मोजायला होता. घरं त्रेसष्ट, त्यातली सव्वीस बंद, माणसं एकशे एक्केचाळीस. दहा वर्षांपूर्वी ह्याच घरांत दोनशेच्या वर माणसं होती. गुरुजींनी जुना आकडा कुठून तरी काढला होता. जेवताना सांगायचे आणि आम्ही म्हणायचो, असेल बुवा, वाढ गो आमटी.

माझ्या घराच्या खालच्या अंगाला ख्रिस्तांववाडी. मधला दगडी गडगा ओलांडला की वीस पावलं. नऊ घरं, त्यातली आठ बंद. कोणी गोव्यात, कोणी वसईला, कोणी कुवेतला. नवव्यात सोकोरो एकटा. जन्मभर बोटीवर कुक, इंजिनाच्या आवाजाने कान गेलेले, उजवा पाय सुजलेला, काठीशिवाय चार पावलं चालवत नव्हती. बायको वारलेली आणि मेल्विन नावाचा मुलगा कुवेतला.

जो वाडी सोडून जाई तो घराची किल्ली सोकोरोकडे देई. सोकोरोने आठही किल्ल्या एका जुडग्यात अडकवल्या होत्या. प्रत्येकीला पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला. त्यावर पेन्सिलीने घरवाल्याचं नाव, आणि नावाखाली घर कायमचं बंद झालं ती तारीख. रोज तिन्हीसांजेला काठी टेकत निघायचा आणि आठही घरांच्या पडवीत एकेक मेणबत्ती लावून यायचा. तेवढ्याला त्याला तास लागायचा. मी गडग्यावरून ओरडायचो, सोकोरो, मेल्या, भुतांका उजेड दाखवतंस काय? त्याला ऐकू जायचं नाही.

चौदा फेब्रुवारीला गुरुजी त्याला लिहायला गेले. मी सोबत होतो. सोकोरो आठही घरांतल्या माणसांची नावं भराभर सांगायला लागला. गुरुजींनी हात धरून थांबवला, कानाशी तोंड नेऊन ओरडले.

"सोकोरोबाब, जे इथे राहत नाहीत ते लिहिता येत नाहीत."

"फेब्रुवारीत कित्याक मोजतास, मास्तरानू? नाताळात मोजा. एकेका घरात धा-धा माणसां आसतत."

"नियम आहे तसा."

"मगे ह्या वाडीत किती लिवलास?"

"एक."

"एकूच?"

गुरुजींनी एक बोट वर केलं. सोकोरो त्या बोटाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मी गेलंय की पूज्य."

मी हसलो. खरं सांगतो, तेव्हा मी हसलो.

आता पळणीचं ऐका. एरवी आपली पळण मार्गशीर्षात. त्या साली देवाने मार्गशीर्षात कौल दिला नाही, माघात दिला. शनिवारी, सव्वीस तारखेला दुपारी ढोल वाजला. तीन रात्री गाव सोडायचा. गुरंढोरं, कुत्रे, कोंबड्या, सगळं घेऊन वेशीबाहेर. हिंदू असो, ख्रिस्ती असो, मागे कोणी राहायचं नाही. आम्ही इथे, ह्याच वहाळाकाठी. काही वर कातळाच्या सड्यावर, काही खाडीपलीकडे.

निघताना मी गडग्यावरून हाक मारली, "सोकोरो, चल रे!" उत्तर नाही. तेवढ्यात आमची बकरी सुटली ती पळाली वरच्या बागेत. मी म्हटलं, रोझारियोच्या रिक्षात गेलो आसतलो. रोझारियो त्याचा भाचा, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणारा. त्याने म्हटलं, मामा गणपतच्या टेम्पोत गेला असेल, शेजारी आहेत. तो सड्यावर, मी वहाळाकाठी. तीन दिवस कोणाला काही वाटलं नाही. वीस पावलं होती फक्त.

सोमवार आला. अठ्ठावीस फेब्रुवारी, माघ वद्य एकादशी. त्या रात्री बारा वाजता शिरगणती मिटायची होती. बाराच्या आधी जो गेला तो वजा, बाराच्या ठोक्याला जो जिवंत तो मोजलेला, असा नियम. आणि त्याच रात्री उघड्यावर झोपणारे बेघर मोजायचे. गुरुजी हसून सांगत होते, साहेबाला फोन केला की सगळा गावच उघड्यावर आहे, बेघर लिहू का? साहेब म्हणाला, मस्करी नको, यादी पडताळून बघा. म्हणून गुरुजी यादी घेऊन संध्याकाळपासून तिन्ही ठिकाणच्या राहुट्या फिरले. तिन्ही ठिकाणी गेलेला माणूस तेवढा एकच.

रात्री दहा वाजता माझ्या राहुटीत आले.

"गणपतराव, एकशे चाळीस भरतात. सोकोरो कुठे आहे?"

मी म्हटलं, "रोझारियोकडे."

"रोझारियो म्हणतो, तुमच्याकडे."

...

चुलीवर भात होता. सावित्री, माझी बायको, उठून उभी राहिली आणि परत बसली.

बाळा गावकर तेव्हा मानकरी. तो म्हणाला, सकाळी देवाला विचारू, रातचा वेशीत पाय नाही. गुरुजी म्हणाले, तीन दिवस तो म्हातारा उपाशी असेल, तुमच्या देवाला माझं काय करायचं ते करूदे, मी ह्या गावचा नाही. आणि निघाले. मी वहाळापर्यंत गेलो. गुरुजींनी पाण्यात पाय घातला, मागे वळून म्हणाले, "चला."

मी म्हटलं, "मी हय बत्ती धरून उभो रवतंय."

गुरुजी वळले. गेले. अकराला दहा मिनिटं कमी होती.

आता पुढचं गुरुजींनी मला सांगितलं ते. एकदाच सांगितलं.

गावात आवाज नाही. कुत्रं भुंकत नाही. चप्पल काढून हातात घेतली, म्हणाले, तिचाच आवाज मोठा वाटायला लागला. माझ्या घरावरून खाली उतरले. गडग्याशी आले. बघतात तर वाडीत उजेड.

आठही घरांत.

पडवीत मेणबत्त्या. दारं सताड उघडी. गुरुजींना आधी बरं वाटलं, म्हणाले. वाटलं, सोकोरोने लावल्या. म्हणजे आहे म्हातारा. मग पहिल्या दारात बाई उभी दिसली. लुगड्यातली, साधी, वयस्कर. म्हणाली, "इलात मास्तरानू? बसा. आमचा लिवन घेवा."

गुरुजी बसले. का बसलात, मी विचारलं. म्हणाले, माहीत नाही, गणपतराव. भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. हात आपोआप लिहायला लागला. ती नावं सांगत गेली. अकरा. आत माणसं बसली होती भिंतीशी. कोणी बोलत नव्हतं.

दुसऱ्या दारात म्हातारा. नावं. नऊ.

तिसऱ्या दारात...

प्रत्येक जण एकच विचारायचा. "बारापर्यंत आसा मां?"

गुरुजी म्हणायचे, आहे.

मी वहाळाच्या अल्याड उभा होतो. इथून, आता तू बसलीस ना प्राजक्ता, तिथूनच वाडीचा उतार दिसतो. मी उजेड बघितले. मोजले. आठ. नववं घर काळोखात. मला समजलं होतं. ओरडायला हवं होतं, गुरुजी, उजेडाकडे जाऊ नका, नवव्यात जा. आवाज पोचला असता. रात्र एवढी शांत होती.

ओरडलो नाही.

आठवं घर लिहून झालं तेव्हा बाराला दोन मिनिटं. गुरुजी नवव्या दाराशी गेले. दार नुसतं लोटलेलं. ढकललं. मोबाईलची बॅटरी मारली.

सोकोरो खुर्चीत. दाराकडे तोंड करून. अंगात कोट. पायात बूट. डोक्यावर हॅट. बाजूला पिशवी भरलेली, तिच्यावर काठी.

तयार होऊन बसला होता. कोणीतरी न्यायला येईल म्हणून. शनिवारपासून.

गुरुजींनी हात धरला. "सोकोरोबाब."

...

हात गरम होता.

मोबाईल वाजला. बारा. गुरुजींनी मागे बघितलं.

मी पण बघत होतो. आठही उजेड एकदम गेले.

गुरुजी परत आले ते पाऊण वाजता. वहाळात बसले. पाण्यातच. मी बत्ती वर धरली तर हातात जुडगा. माझ्यापुढे केला. म्हणाले, "सोकोरोच्या मुठीत होता. तुमचं नाव आहे ह्यावर."

"सोकोरो?" मी विचारलं.

"हात गरम होता," एवढंच म्हणाले. मग परत तेच. "हात गरम होता, गणपतराव. मी तासभर बाजूच्या घरात लिहीत बसलो."

सकाळी देवाने कौल दिला, गाव परत आला. आठही घरं बंद. कुलपांवर कोळ्याची जाळी तशीच. गुरुजींनी रात्री लिहिलेले कागद बघितले, तर काळोखात ओळीवर ओळ चढलेली, एक अक्षर लागेना. सोकोरोला मालवणातल्या ख्रिस्ती दफनभूमीत माती दिली. रोझारियो माझ्याकडे बघत नव्हता, मी त्याच्याकडे. मला रडू आलं नाही. लाजही वाटली नाही. आत काही हललंच नाही, आजपर्यंत नाही. माणसाला एवढं काहीच वाटू नये, ह्याचीच मला भीती वाटते.

गुरुजींनी एक केलं. सोकोरोचं नाव वजा केलं नाही. बाराच्या ठोक्याला होते, म्हणाले, मी मोजणार. सरकारात एकशे एक्केचाळीसच गेले. जूनमध्ये गुरुजी बदली मागून दोडामार्गाला गेले.

आता जुडग्याचं. किल्ल्या आठ होत्या, बरोबर? मी मोजल्या. नऊ. मला वाटलं, नववी सोकोरोच्या घराची. पण त्या घराला कधी कुलूपच नव्हतं, आतून कडी होती फक्त. मग पुठ्ठा बघितला. सोकोरोचंच अक्षर, सोकोरोचीच पेन्सिल. "गणपत." उठलो, घराला बाहेरून कुलूप घातलं, ती किल्ली फिरवली. उघडलं. माझी किल्ली माझ्या कडदोऱ्याला होती. दुसरी कधी केलीच नव्हती. तेव्हा आम्ही घरात चार माणसं होतो रे. चार. घर बंद कशाला होईल?

मेल्विन आला, नवं कुलूप घालून त्याची किल्ली मला देऊन गेला. मग बाकीचे द्यायला लागले. जुडगा आहेच ना गणपतकडे, म्हणायचे. आता तेवीस आहेत. सावित्री गेली त्याला सहा वर्षं झाली. मुलगा पुण्याला, भक्ती लग्न करून गोव्यात. तू एक लिहिलंस ते बरोबरच लिहिलंस गो. तुझ्यावर राग नाही.

त्या नवव्या पुठ्ठ्यावर नाव आहे, पण तारीख नाही. नावाखाली कोरं. पंधरा वर्षं रोज सकाळी उठलो की आधी ते बघतो, मग चूळ भरतो. कोरं असलं की चहा ठेवतो. आज तेवढं राहिलं. सकाळीच ढोल वाजला, निघायची घाई झाली, आणि चष्मा घरातच विसरलो. आता तीन दिवस आत जाता येणार नाही.

हा घे जुडगा. कंबरेला खुपतोय मघापासून. ओंकार, बॅटरी धर रे, आता कामाला आण तो मोबाईल. ही नव्हे. ही पण नव्हे. ती, अजिबात न गंजलेली. हां. पुठ्ठा सुलटा कर. नाव वाच.

गणपत. हां.

आता नावाखाली बघ. कोरंच आहे ना?

...

प्राजक्ता?

...

काय गो? अशी कित्याक बघतंस माझ्याकडे? वाच मां.