नऊ बंदुका

त्र्याण्णव सालच्या चैत्रात भोरच्या हाफिजभाईंनी वेल्ह्याकडच्या एका गावात, दर जत्रेसारखाच, सिनेमाचा पडदा बांधला. सिनेमाही दरवर्षीचाच. अमेरिकेतल्या डोंगरातल्या अपाची आदिवासींचा एक सरदार आणि त्याच्या मागावर गोऱ्यांचं घोडदळ. इंग्रजी कुणाला कळत नव्हतं, पण डोंगर कुणाचा आणि फौज कुणाची, हे मावळातल्या माणसाला सांगावं लागत नाही.

कोंडिबा दुपारीच येऊन पुढं बसला. म्हातारा दम्यानं पार खंगला होता.

"हाफिजभाई, यंदा तरी त्या सरदाराला मारू नका. येका मानसावर नऊ बंदुका, ही काय मर्दुमकी झाली? माजी ही शेवटचीच जत्रा."

"बाबा, त्ये माज्या हातात हाय व्हय?"

"पडद्यावर मुका घ्याया लागले की भिंगापुढं हात धरता न्हवं? मग मरनालाबी धरा की!"

हाफिजभाईंना हसू फुटलं, पण म्हाताऱ्याचे डोळे बघून त्यांनी शब्द दिला. कोंडिबानं लगोलग पडद्यामागं गूळ-हरभऱ्याची पाटी नेऊन ठेवली. "घोडं उपाशी नको," म्हणाला.

दिवेलागणीला खेळ सुरू झाला. शिट्ट्या, हशा, गुलाल, नुसती धमाल! शेवटी सरदार घोड्यासकट खडकावर आला. खाली नऊ शिपायांनी नेम धरला आणि हाफिजभाईंनी भिंगापुढं तळवा धरला. पडदा काळा झाला. गोळ्या वाजल्या. मग कर्ण्याचा आवाजच गेला... आणि टापा ऐकू आल्या. पडद्यामागून. घामेजलेल्या घोड्याचा वास आला. हाफिजभाईंचा तळवा बर्फासारखा गार पडला.

त्यांनी हात काढला, तर खडक रिकामा.

"निसटला! गेला डोंगरात!" कोंडिबा उठून ओरडला आणि सारी जत्रा उसळली. फेटे उडाले, हलगी कडाडली. हाफिजभाईंच्या अंगावर काटा आला होता, तरी ते खुळ्यासारखे हसत होते. एवढा आनंद त्यांना कित्येक वर्षांत झाला नव्हता.

पडद्यामागं पाटी साफ होती. बिननालाच्या टापांचे ठसे डोंगराकडं गेले होते.

"सांगितलं न्हवतं?" कोंडिबा म्हणाला. त्याची धाप कुठल्या कुठं पळाली होती.

दुसऱ्या दिवशी कामथडीला, पुढच्या खेळाआधी, हाफिजभाईंनी ते रीळ उन्हात धरलं. खडक रिकामाच होता. शिपाई मात्र आता खडकाकडं बघत नव्हते. सगळ्यांची तोंडं बाहेर वळली होती, थेट त्यांच्याकडं. हाफिजभाईंनी बोट ठेवून शिपाई मोजले. पुन्हा मोजले...

आठच होते.