विनंतीद्वाराचा तिसरा प्रश्न

चिखलदऱ्याच्या जनस्वर भांडारात, मापनकक्षातल्या यंत्राची सुई आवाज साठवलेल्या काचेच्या मण्याला लागली न लागली तोच पडद्यावर आकडा उमटला. संचालिका डॉ. नीलाक्षी वानखडे खूश झाली. कुमुदिनी डहाके मात्र आकड्याकडे न पाहता सुईकडे पाहत राहिल्या. सुईच्या टोकाला डोळ्यांना न दिसणारं काहीतरी लागलं होतं आणि ते आता परत मण्यात जाणार नव्हतं.

कुमुदिनीबाई निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता. त्यांना परतवाड्याहून मुद्दाम बोलावून घेतलं होतं, कारण भांडाराचं विनंतीद्वार त्यांनी बांधलेलं होतं. या दारातून माणसं येत नाहीत. दुसरे संगणक येतात, ठरावीक शब्दांत प्रश्न विचारतात आणि उत्तर घेऊन जातात. बाईंनी त्या दाराला दोनच प्रश्न शिकवले होते. 'अमुक माणसाचा आवाज आहे का?' हा पहिला आणि 'ऐकव' हा दुसरा. तेव्हा कार्यालयात एकच हीटर होता आणि धुक्याच्या दिवसांत सगळेजण त्याच्याभोवती टेबलं ओढून कामं करत. नीलाक्षी त्या वेळी नुकती लागलेली. चहात साखर जास्त घालते म्हणून सगळ्यांची बोलणी खायची.

आता मुख्यालयाला तिसरा प्रश्न हवा होता. कोणता आवाज किती वेळा ऐकला गेला आणि किती उरला, ही वापराची आकडेवारी दारातूनच मिळायला हवी. त्यावर पुढचं अनुदान ठरणार होतं.

"किती वेळा ऐकला ते मी आजच देते," बाई म्हणाल्या. "त्याची नोंद आपोआप होते. किती उरला हे मात्र विचारू नकोस."

"का हो, कुमुदताई?"

"शितावरून भाताची परीक्षा करतो ना आपण? ते शीत परत भांड्यात टाकत नाही."

नीलाक्षीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. मण्यातला आवाज रेणूंच्या साखळ्यांत लिहिलेला असे. रेणुलेखन म्हणत त्याला. वाचायचं तर मण्याचा थोडा भाग विरघळवावा लागे आणि वाचलेला भाग संपे. नक्कल काढायला कायद्यानेच बंदी होती. त्यामागे कारणही तसंच होतं. एका काळात बनावट आवाजांनी नुसता उच्छाद मांडला होता. मेलेले बाप मुलींना फोन करून खात्याचे आकडे विचारायला लागले, तेव्हा लोकांनी आपला आवाज कुणालाही द्यायचं बंद केलं. मग हे भांडार निघालं. एका माणसाचा एकच मणी, ऐकला की झिजणारा. जे झिजतं ते खरं असणार, एवढ्या विश्वासावर गावोगावचे लोक इथे येऊन बोलून गेले.

"एका मापनाला एका ऐकण्याचा शंभरावा हिस्सा लागतो," नीलाक्षी म्हणाली. "शंभरावा, ताई. त्यानं काय होतंय?"

"विचारणारा एकटा असता तर काहीच झालं नसतं."

बाईंनी तोड काढली. वर्षातून एकदा मोजायचं, आकडा साठवून ठेवायचा आणि वर्षभर तोच सांगायचा. मुख्यालयाने ती तोड परत पाठवली. कुठल्याशा दुसऱ्या भांडाराने शिळे आकडे दाखवून अनुदान उचललं होतं, त्यामुळे आकडा दर वेळी ताजाच मोजलेला हवा असा नियम झाला होता. बाईंनी पत्र लिहिलं. सूचना समितीपुढे ठेवू, असं सौजन्याचं उत्तर आलं. समिती दिवाळीनंतर बसणार होती. तोवर दाराने आकडे दिले नाहीत तर भांडाराला टाळं लागलं असतं. बाईंनी चष्मा पुसला आणि तिसरा प्रश्न दाराला शिकवला. दुसऱ्या कुणी तो शिकवताना मणीच फोडले असते.

पुढे व्हायचं ते झालं. ज्यांचं माणूस भांडारात होतं ते सकाळी उठून आधी आकडा बघायला लागले. पूर्वी घरातली म्हातारी माणसं वर्तमानपत्र उघडून आधी निधनवार्ता बघत, तसं. आकडा घटलेला दिसला की जीव खालीवर होई आणि संध्याकाळी पुन्हा बघितला जाई. घरोघरी फोनवर घड्याळाच्या शेजारी तो झळकू लागला. फोन उजळला की फोन विचारायचा, दार उघडायचं, सुई खाली यायची. आवाज संपेल या भीतीने ऐकायला मात्र कुणी येईना. श्रवणकक्षातल्या खुर्च्यांवर खोळी चढल्या. मुख्यालयाच्या तक्त्यात भांडाराचा वापर घटत चालला, कारण 'किती उरलं' हे विचारणं वापरात धरलं जात नव्हतं.

कुमुदिनीबाईंनी फोन केले, पुन्हा पत्रं लिहिली, अमरावतीला जाऊन एका अधिकाऱ्यासमोर बसून आल्या. अधिकारी भला माणूस होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि खेदाने सांगितलं की लोकांनी विचारूच नये असं तर सरकार सांगू शकत नाही.

बाईंचा धाकटा भाऊ श्रीधर त्या मण्यांपैकी एका मण्यात होता. तरुणपणी तो फिरत्या टॉकीजवर प्रोजेक्टर चालवायचा. एसटीच्या टपावरून रिळांचे डबे यायचे, ते उतरवायला कुमुदही जायची. तो गेल्यावर दर भाऊबीजेला बाई चिखलदऱ्याला येत, निरांजन कक्षाबाहेर ठेवत आणि एकदा त्याला ऐकत. "कुमे," तो म्हणायचा, "पिच्चर जितका चालते तितका झिजते. मी आयुष्यात सगळ्यात चोख प्रिंट पाह्यली ते अशा पिच्चरची, जो पाहाले एक माणूस नाही आला. मालक रडे अन् मी पाहो." मग स्वतःच्याच विनोदावर हसायचा आणि बहिणीच्या करपलेल्या भाकरीवर घसरायचा.

भाऊबीजेच्या आठवडाभर आधी त्याच्या मुलीचा, मैथिलीचा पुण्याहून फोन आला. ती रडत होती. बाबांचा आकडा एकावर आला होता. आकड्यात फक्त पुरी ऐकणी दाखवत, अर्धीमुर्धी नाही. मैथिलीने स्वतः कधीच ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, "मी फक्त आकडा ठेवला होता गं आत्या, फोनवर. बाबा आहेत एवढं दिसायचं. ऐकणं मी तुझ्यासाठी राखून ठेवलं होतं."

रोज किती वेळा फोन उजळतो, याचा हिशेब बाईंनी मनातही केला नाही. त्यांनी मैथिलीला सगळं समजावलं आणि आकडा ताबडतोब काढून टाकायला लावला. मुख्यालयाच्या आणि बाहेरच्या इतर संगणकांना थोपवणं त्यांच्या हातात नव्हतं. मैथिलीला भाऊबीजेआधी निघता येत नव्हतं, म्हणून त्याच दिवशी, एक ऐकणं उरलं होतं तोवर, दोघींनी मिळून ते ऐकायचं ठरलं.

भाऊबीजेला दोघी गाविलगडच्या बाजूने वर चढल्या. मैथिलीने वाटेत वडिलांविषयी इतके प्रश्न विचारले की बाईंचा घसा बसला. बापाचा आवाज तिला नीट आठवत नव्हता. तो गेला तेव्हा ती लहान होती. आज तो ऐकायला मिळेल म्हणून ती लहान मुलीसारखी अधीर झाली होती. नीलाक्षीने खुर्च्यांच्या खोळी स्वतः काढून ठेवल्या होत्या.

मणी यंत्रात बसला. नीलाक्षीने कळ दाबली. यंत्र थोडा वेळ घुमलं आणि थांबलं. तिने पुन्हा दाबली, मग पडद्यावरची ओळ वाचली आणि वाचतच राहिली.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"सलग वाचायला पुरेसं नाही म्हणतंय, ताई. थोडक्यात कमी पडतंय. अगदी थोडक्यात."

मैथिली उभी राहिली. "पण एक होतं," ती म्हणाली. "आत्ता फाटकाशी होतं. मी बघितलं."

बाईंनी तिच्या हातातल्या फोनकडे पाहिलं.

"एकदाच, आत्या. फोनवरून काढलं होतं मी, तुझी शपथ. पण एवढ्या लांबून आले, तुला घेऊन वर चढले, आत गेल्यावर नाही म्हणाले तर काय, म्हणून फक्त खात्री केली."

ते शेवटचं शीत तिच्या प्रश्नाने गेलं की त्याच घटकेला कुठल्या दुसऱ्या संगणकाने विचारलं, हे कळायला मार्ग नव्हता. कोण विचारतं याची नोंद ठेवायची नाही, असं लोकांच्या खासगीपणाच्या काळजीने ठरलं होतं. बाईंनी मैथिलीला जवळ ओढलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. तुझ्यामुळे नाही, असं त्या म्हणाल्या. ते खरं आहे की नाही, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

"उरलेला भाग काही कामाचा आहे का?" त्यांनी नीलाक्षीला विचारलं.

नीलाक्षीने पडद्यावरची ओळ पुन्हा एकदा वाचली. "ऐकायला नाही, ताई," ती म्हणाली. "पण 'किती उरलं' असं कुणी विचारलं, तर अजून नव्वदेक वेळा तो उत्तर देऊ शकेल."

यंत्रातली सुई तेवढ्यात आपोआप खाली आली, मण्याला टेकली आणि वर गेली. कुणीतरी, कुठूनतरी विचारलं होतं.