सतरा नंबरची सुई

काचपेटीवाल्यांचा टाका डावीकडे झुकतो. फार नाही, पाच-सहा अंश असेल. एका इंचात आमच्या बाईंचे नऊ टाके बसतात, माझे आठ. आत्याचे, ती बोलत असेल तर सहा, आणि नसेल तर... पण ती वेळ अजून आलेली नाही. काचपेटीवाल्यांचे पाच. पाचही सारख्या लांबीचे आणि सगळे एकाच बाजूला कललेले, वाऱ्यात गवत कलतं तसे. ते डावखुरे आहेत, एवढंच त्याचं कारण. कारण कळल्यावरही मी ते टाके बघायची थांबले नाही, हे मात्र माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

आमचं गोधडी मंडळ दर शनिवारी दुपारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरतं. बाई म्हणजे शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या. मंडळ त्यांनीच सुरू केलं आणि त्यांच्या डोळ्यांतून एकही वाकडा टाका सुटत नाही. मला तिथे ओढून नेलं ते आत्याने. मी तिच्याकडेच राहते. "दिवसभर बाटल्यांतलं पाणी तपासतेस, शनिवारी तरी माणसांत ये," असं म्हणाली होती. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. एक नमुना तीनदा तपासल्याशिवाय 'पिण्यास योग्य' म्हणून सही करत नाही. मंडळात माझं नाव पहिल्याच महिन्यात 'मोजपट्टी' पडलं.

आम्ही वृद्धाश्रमासाठी पांघरुणं करतो आणि रुग्णालयासाठी कव्हरं. वेळेआधी जन्मलेली बाळं काचेच्या पेटीत ठेवतात ना, त्या पेटीवर घालायची जाड, गोधडीसारखी शिवलेली कव्हरं. त्यांच्यामुळे उजेड आणि आवाज कमी होतो, बाळाला झोप लागते.

पहिली आठ कव्हरं गेली आणि त्यानंतरच्याच शनिवारी एक उंच गृहस्थ कव्हर हातात घेऊन मंडळाच्या दारात उभे राहिले.

"मापं कोणी घेतली होती?"

"मी," मी म्हटलं. "मिलिमीटरपर्यंत."

"मिलिमीटर बरोबर असतील हो. पण पेटीला हे अंगावर आखूड झालेल्या फ्रॉकसारखं दिसतंय."

बाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. "अगं मोजपट्टी! शिवलं की कापड आखडतं, धुतलं की आणखी आखडतं. तू पेटीचं माप घेतलंस, गोधडीला विचारलंच नाहीस!"

माझे कान तापले. तेवढ्यात ते गृहस्थ कव्हर उलटंसुलटं करत, जरा हळू आवाजात म्हणाले, "कोपरे मात्र अगदी चोख बसलेत. ते कसे काढले?"

"ते... अंदाजाने."

"मग तुमचा अंदाज चांगला आहे की," ते म्हणाले आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

रुग्णालयातली ती सगळी यंत्रं हेच सांभाळतात. पुढच्या शनिवारी ते एका मोडक्या पेटीचं झाकणच खांद्यावर घेऊन आले, म्हणजे माप बसवून बघता येईल. त्याच्या पुढच्या शनिवारी काहीच न आणता आले.

"आज काय बिघडलंय?" आत्याने विचारलं.

"काही नाही. म्हटलं, सुई मागून बघावी."

"काचपेटीवाल्यांना सुई द्या गं!" आत्या ओरडली, आणि तेव्हापासून ते काचपेटीवालेच झाले.

आमच्याकडे सुई अशी कुणालाही मिळत नाही. लोकरी कापडाची एक लांब पट्टी आहे, तिला तीस कप्पे, कप्प्यावर नंबर, आणि प्रत्येकाची सुई ठरलेली. बाळांच्या आई हे कव्हर घडी करून मांडीवर घेतात, त्यावर हात टेकतात. त्यात सुई राहून चालत नाही. म्हणून निघताना सुया मोजायच्या, तीस भरल्या की वहीत तीस लिहून सही करायची, मगच दार उघडायचं. मोजण्याचं काम अर्थातच माझ्याकडे. काचपेटीवाल्यांना सतरा नंबरची सुई मिळाली. माझी सोळा.

"शेजारीच आलो," ते म्हणाले.

"नंबर क्रमाने देतात," मी म्हटलं.

"मी कुठे तक्रार केली?"

शिवून झालेल्या गोधडीची घडी दोघांनी घालायची असते. समोरासमोर दोन-दोन कोपरे धरायचे, ताणायचं, मग चालत एकमेकांकडे यायचं आणि आपले कोपरे दुसऱ्याच्या हातात द्यायचे. आम्हा दोघांकडे हे काम कसं आलं ते मला आठवत नाही. आत्याला आठवत असणार. तीन महिन्यांपूर्वी असंच चालत जवळ आल्यावर त्यांनी माझे कोपरे घेतले... आणि सोडलेच नाहीत.

"माझ्याशी लग्न कराल?"

खिडकीतून आलेल्या उन्हात कापसाची तुसं तरंगत होती. मी ती बघत राहिले.

"सांगते," मी म्हटलं.

नाही म्हणायचं नव्हतं. पण पूर्वी एकदा मी एका स्थळाला अर्ध्या तासात होकार दिला होता, आणि त्यातून बाहेर पडायला मला आठ महिने लागले. तेव्हापासून मी ठरवलं होतं, पुरावा हवा. आता माणसाचा नमुना तीनदा कसा तपासायचा? काचपेटीवाल्यांनी पुन्हा विचारलं नाही. दर शनिवारी आम्ही घड्या घालायचो, ते कोपरे घ्यायचे आणि फक्त भुवई उंचावायचे. मी म्हणायचे, "सांगते." आत्या घरी आल्यावर म्हणायची, "तुझं ते 'सांगते' आता धुऊन धुऊन विरलंय बघ."

मग गेला शनिवार आला. बारा कव्हरं तयार होती, रुग्णालयाची गाडी खाली उभी. शेवटची घडी घालताना ते म्हणाले, "एक सांगायचं होतं. घाई करत नाहीये, पण... मला रुग्णालयाच्या आवारात घर मिळतंय. अर्जात एक रकाना आहे, 'सोबत राहणारी व्यक्ती'. तीन महिने मी तो कोरा ठेवलाय. पुढच्या शनिवारी पाचपर्यंत भरून दिला नाही, तर एकट्याची खोली देतील. ती खोली वाईट नाही हो. फक्त... एकट्याची आहे."

"सांगते," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

मी वही उघडली, तीस लिहिलं, सही केली. मी वही उघडली, तीस लिहिलं, सही केली.

आज दुपारी मी सुयांची पट्टी उलगडली, आणि सतरा नंबरचा कप्पा रिकामा होता.

"गेल्या शनिवारी मोजल्या होत्यास ना?" बाईंनी विचारलं. वहीत माझंच अक्षर होतं. तीस.



"नाही मोजल्या," मी म्हटलं. "न मोजता लिहिलं."

कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. आत्या चक्क गप्प बसली. बाईंनी पट्टी गुंडाळून वहीसकट माझ्या हातात दिली. "जा आधी. बाकीचं मागाहून बघू."

प्रयोगशाळा वाटेतच होती. पाणी ढवळायला भांड्यात टाकलेला चुंबकाचा मणी वर काढायला आमच्याकडे एक लांब दांडी असते, टोकाला चुंबक बसवलेली. ती घेतली आणि जवळजवळ पळतच रुग्णालयात पोचले. ते वॉर्डच्या दाराशीच उभे होते. आत्याने फोन केला असणार.

"माझीच सुई," ते म्हणाले. चेहरा पांढरा पडला होता. "मी पट्टीत परत लावली असं मला..."

"मोजायचं काम माझं होतं. कव्हरं कुठे आहेत?"

वॉर्डच्या सिस्टरनी अकरा कव्हरं टेबलावर आणून ठेवली. "बारावं पेटीवर आहे," त्या म्हणाल्या. "सगळी तपासायची तर वेळ लागेल. कुठल्यात असेल काही कल्पना?"

मी उजेडाकडे वळले. एकेक कव्हर हातात घेतलं आणि बाजूला ठेवलं. हे बाईंचं. हे आत्याचं, या कोपऱ्यात तिचं बोलणं फार रंगलं होतं. हे त्यांचं. हे नाही. हे त्यांचं. या कव्हरात वरची ओळ माझी, खालची त्यांची...

"ही चार," मी म्हटलं.

"नाव-बिव काही घातलेलं दिसत नाही," सिस्टर कव्हर डोळ्यांजवळ नेत म्हणाल्या. "कसं ओळखलंत?"

"टाका डावीकडे झुकतो. इंचाला पाच. दोरा संपत आला की शेवटचे तीन टाके जवळ जवळ येतात, कारण दोरा तोडणं त्यांच्या जिवावर येतं. आणि इथे..." मी थांबले. सिस्टर माझ्याकडे बघत नव्हत्या, त्यांच्याकडे बघत होत्या. ते माझ्याकडे.

"हे मलाच माहीत नव्हतं," ते हळूच म्हणाले.

मी मान खाली घालून चुंबक फिरवायला लागले. कडा, कोपरे, मधल्या शिवणी. चारही कव्हरांत काही नव्हतं. मग उरलेली सात घेतली. त्यांतही नाही.

बाराव्या कव्हराशी बाळाची आई स्टुलावर बसली होती. कव्हराचं एक टोक तिच्या मुठीत होतं. मला ते टोक लांबूनच ओळखू आलं. पाच टाके, डावीकडे झुकलेले.

"जरा तपासायचंय," सिस्टर तिला म्हणाल्या. "बाळाला काही नाही. छान आहे बाळ."

त्यांनी कव्हर अलगद उचललं. काचेआड एक मूठ होती, अंगठ्याएवढी. मी श्वास रोखून चुंबक फिरवला. एकदा, मग आडवा, मग परत उभा. काही नाही. तीनदा तपासलं. काही नाही.

"झालं," मी म्हटलं. "यात नाही."

आईने कव्हर परत घातलं आणि टोक पुन्हा मुठीत घेतलं.  बाहेरच्या बाकावर मी बसले नाही, पडलेच म्हणा. ते शेजारी बसले.

"बाळांपाशी नाही. खूप झालं," ते म्हणाले.

"पण सुई कुठेतरी आहे. त्या दिवशी तुमच्याजवळ काय काय होतं?"

"हा कोट. आणि ही पिशवी."

कोटात काही निघालं नाही. पिशवीत चुंबक घातला तर पाने, स्क्रू, पक्कड, सगळंच खळ्ळकन येऊन चिकटलं.

"सापडली," ते गंभीरपणे म्हणाले. "जरा जाड झालीये."

मला हसू आलं. तासाभरात पहिल्यांदाच. हसता हसता मी दांडी पिशवीच्या पुढच्या खणाजवळ नेली, आणि आतला एक घडी केलेला कागद आपोआप वर सरकला. चुंबकाला येऊन चिकटला.

आम्ही दोघं त्या कागदाकडे बघत राहिलो.

"कागद चुंबकाला चिकटत नाही," मी म्हटलं.

"अरे देवा," ते म्हणाले.

मी घडी उघडली. घराचा अर्ज होता. वरच्या कोपऱ्यात त्यांचा फोटो, आणि फोटोतून नीट आत-बाहेर काढलेली, बारीक, चकचकीत, सतरा नंबरची सुई.

"फोटो सुटत होता," ते म्हणाले. आता त्यांचे कान लाल झाले होते. "तुमच्याशी बोलायला उठायच्या आधी मी दहादा हा कागद काढला असेल. हातात सुई होती... टाचून टाकला. मला आठवतसुद्धा नाही."

मी फोन लावला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत बाईंचा आवाज आला, "बोल!"

"सापडली. बाळांपाशी नव्हती. अर्जात होती."

पलीकडे एकदम इतका गलका झाला की फोन कानापासून लांब धरावा लागला. त्यातून आत्या ओरडत होती, "कसल्या अर्जात? कसल्या अर्जात गं?"

मी फोन बंद केला. अर्ज अजून माझ्या मांडीवर होता. 'सोबत राहणारी व्यक्ती', आणि पुढे कोरी जागा. त्या जागेवर कागद जरा मऊ पडला होता, बोट फिरवून फिरवून पडतो तसा.

"साडेचार वाजलेत," ते म्हणाले. "मी 'कुणी नाही' लिहून देतो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आजचा दिवस आधीच..."

"थांबा."

मी सुई फोटोतून काढली आणि पट्टी बाकावर उलगडली. सतराव्या कप्प्यात सुई खोचली. मग पहिल्या कप्प्यावर बोट ठेवलं आणि मोठ्याने मोजायला लागले. एक, दोन, तीन. जाणारे-येणारे बघत होते. पंधरा, सोळा, सतरा. ते माझ्या बोटाबरोबर नजर फिरवत होते. अठ्ठावीस, एकोणतीस... तीस. वहीतला गेल्या शनिवारचा आकडा खोडला, शेजारी आजची तारीख घालून तीस लिहिलं, सही केली.

आयुष्यात मी एकदाच न मोजता आकडा लिहिला होता. तो का लिहिला गेला, हे आता मला तीनदा तपासायची गरज नव्हती.

मी माझं पेन त्यांच्या डाव्या हातात दिलं.

"माझं नाव लिही," मी म्हटलं. "मला तुझ्याशी लग्न करायचंय."