पांढरी पट्टी

मी चिडकी आहे, असं विद्यापीठाच्या नाट्यगृहात सगळेच म्हणतात. म्हणोत बापडे. प्रयोग ठरल्या वेळी सुरू व्हावा आणि कुणाचं डोकं फुटू नये, हे बघणं माझं काम, आणि ते गोड बोलून होत नाही.

तालमी सुरू झाल्या की मी रंगमंचावर चिकटपट्टीचे तुकडे लावते. प्रत्येक नटाचा रंग वेगळा. आपल्या पट्टीवर पाय ठेवला की दिवा बरोबर तोंडावर येतो. प्रत्येक पट्टीचा एक कोपरा मी दुमडून ठेवते, म्हणजे नंतर उपटताना नखं मोडत नाहीत. या वर्षी पिवळा रंग ठकीचा होता. ठकी म्हणजे माझ्या बहिणीची मुलगी. शिकायला माझ्याकडे राहते आणि तिला पहिल्यांदाच मोठी भूमिका मिळाली होती. पांढरी पट्टी मी वापरतच नाही. दिव्यात ती डोळ्यांत खुपते.

म्हणून एका सकाळी रंगमंचाच्या मधोमध पांढरी पट्टी दिसली तेव्हा माझं टाळकं सरकलं.

"कुणाचा हा आगाऊपणा?"

लाइटवाल्याने शिडीवरूनच खाली वाकून पाहिलं. "तुमच्याच हातची दिसतेय की, बाई. कोपरा दुमडलाय."

खरंच दुमडलेला होता. मी ती उपटून फेकून दिली. दुसऱ्या दिवशी ती परत तिथेच, फक्त थोडी पुढे. मी झाडूवाल्यांवर ओरडले, दारांना कुलपं घातली, किल्ल्या पर्समध्ये ठेवल्या. पट्टी आणखी पुढे. पुढे म्हणजे रंगमंचाच्या कडेकडे, आणि कडेखाली वादकांसाठी केलेला खोल खड्डा. तळाला नुसतं सिमेंट.

मी दिग्दर्शकांकडे गेले. ते चहा ढवळत होते.

"अहो, पट्टीच आहे ना? चावते का ती?"

भिंतीशी बोलले असते तर बरं झालं असतं.

मग ठकी तालमीत स्वतःची पिवळी पट्टी सोडून पुढे जायला लागली. पांढरी मी आधीच उपटलेली असायची. तरी ती जिथे होती, नेमकी तिथे जाऊन ठकी थांबायची.

"खूण आहे ना इथे, मावशी."

"कुठे? दाखव बरं."

तिने पायाखाली पाहिलं. "आत्ता तर होती."

दिग्दर्शक खूश. पोरीने प्रवेशाला काय उंची दिली म्हणे! मला संतापाने रडू यायचं बाकी होतं. एवढ्या माणसांत एकालाही ती कड दिसत नव्हती.

रंगीत तालमीला ठकी वाक्य बोलत बोलत पुढे आली आणि थांबली. तिची पावलं अर्धी कडेबाहेर होती. तोंडावर एकही दिवा नसताना ती हनुवटी उचलून, डोळे न मिटता उभी होती. मी विंगेतून धावत गेले, दंडाला धरून तिला मागे ओढलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "ही नाटकात नाही. असेल तर मी पडदा उघडणार नाही."

दिग्दर्शकांनी थयथयाट केला. शेवटी भूमिका दुसऱ्या मुलीला गेली. मी रंगमंचावरच्या सगळ्या पट्ट्या स्वतः खरवडून काढल्या, पिवळीसुद्धा.

आम्ही मागच्या फाटकाने घरी निघालो. नुकतं अंधारून येत होतं. ठकी माझ्या पुढे चालत होती.

"मी आईला सांगणार आहे," ती मागे न बघता म्हणाली. "तुला माझं चांगलं झालेलं बघवत नाही."

"सांग. खुशाल सांग."

मला जराही वाईट वाटत नव्हतं. तिने जन्मभर मला शिव्या दिल्या तरी चालणार होतं. जिवंत राहून देऊ दे.

गाड्या लावायची जागा मागे टाकून आम्ही रस्ता ओलांडायला लागलो. मधोमध आल्यावर ठकी थांबली.

"चल ना," मी म्हटलं.

तिने हनुवटी उचलली.

वळणावरून गाडी आली. दिवे बरोबर तिच्या तोंडावर आले. मी होता नव्हता तेवढा जोर लावून तिला ढकललं. ती पलीकडच्या फुटपाथवर आपटली. गाडी कर्कश हॉर्न देत मला चाटून गेली.

ठकी उठून बसली. कोपर खरचटलं होतं, पण डोळे तिचे होते, नेहमीचे. ती हमसून रडायला लागली. वाचली माझी पोर. मला हसू फुटलं.

मग तिचं रडणं एकदम थांबलं. ती माझ्या पायांकडे बघत होती.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "तू खुणेवर उभी आहेस."

मी खाली पाहिलं. बुटाखालून दुमडलेला पांढरा कोपरा बाहेर आला होता.

वळणावर आणखी एका गाडीचा आवाज आला. ठकी ओरडत होती, मला ऐकू येत होतं. पण इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला कशाचाही राग आला नाही.

दिवा बरोबर तोंडावर आला. मी हनुवटी उचलली.